चूक म्हणा ना, सर

मी लोकांना आकाश शिकवतो. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आदर येतो तो मला फार आवडतो, म्हणून पुढचं मी सहसा सांगत नाही. पुढचं असं, की मी आकाश आमच्या बेडरूममधून शिकवतो. एका मुक्त विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला 'खगोलशास्त्राची तोंडओळख' नावाचा ऐच्छिक विषय आहे, त्याचा मी शिक्षक. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर असतो, कारण उंची कमीजास्त होणारं घरात तेवढं एकच टेबल. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते आणि टाकीच्या बाजूने जे काही उरतं ते माझं आकाश. शर्टाला इस्त्री मी छातीपर्यंतच करतो. त्याखाली विद्यापीठाचा अधिकार चालत नाही.

माझ्या पाठीमागे कपाट. कपाटाचं दार कॅमेऱ्यात उघडंबोडकं दिसू नये म्हणून मी त्यावर पूर्ण चंद्राचं एक भलंमोठं चौकोनी छायाचित्र चिकटवलं होतं. त्याच्या कडेची नावाची पट्टी कपाटाच्या मुठीत अडकत होती, ती कात्रीने कापून टाकली. लांबून फार भारदस्त दिसायचं. मी मान जरा डावीकडे केली की चंद्र बरोबर माझ्या डोक्यामागे यायचा, आणि ते तेज माझंच आहे असं मला वाटायचं.

बायकोही शिकवते, पण ती मोटार चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो आणि तिच्या तोंडात दिवसभर एकच शब्द असतो, 'चूक'. "चूक. आरसा बघितला नाहीत. परत." लग्नानंतर तिने मलाही शिकवून पाहिलं होतं. पहिले काही दिवस नुसती चूक-चूक चालली होती. शेवटच्या दिवशी मात्र ती एकदाही चूक म्हणाली नाही, उलट "छान" म्हणाली. मी सुधारलो असं समजून खूश झालो. त्यानंतर शिकवणी का थांबली ते मी विचारलं नाही आणि आजतागायत मागच्या सीटवर बसतो.

तर माझा वर्ग. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी पाच वाजता, पडद्यावर चौकोन उमटायचे. नावं मला लक्षात राहत नाहीत, त्यामुळे मनातल्या मनात मी सगळ्यांना त्यांच्या धंद्यावरून ओळखायचो. बँकेतून निवृत्त झालेले बँककाका. बेकरीत पाव भाजणारे बेकरीदादा. आणि एका मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत काम करणाऱ्या लाँड्रीताई.

लाँड्रीताई कामावरून सुटल्यावर तिथेच, कपड्यांच्या खोलीत बसून वर्गाला यायच्या. त्यांच्या मागे घडी केलेल्या चादरींची भिंत असायची. चाळिशीच्या आसपासचं वय, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. इस्पितळातल्या सगळ्या खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे त्यांच्या हाताखालून जायचे. लाँड्रीत सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेला पदवी लागत होती, मग ती कशातलीही असो. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या नणंदेने, जी त्याच लाँड्रीत आहे, मिळून नाव घातलं होतं. नणंदेने पहिल्याच वर्षी इतिहासासमोर हात टेकले. ताई मात्र चिकाटीने एकेक विषय सोडवत आल्या होत्या, मध्ये सासूचं आजारपण, मुलीचं लग्न, सगळं निभावून. आता फक्त माझा विषय उरला होता आणि नोंदणीची मुदत याच सत्राला संपत होती. माझ्या विषयात त्या नापास झाल्या असत्या तर इतक्या वर्षांच्या अभ्यासावर पाणी फिरलं असतं. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी त्यांची विशेष काळजी घ्यायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कारण नेमकं त्याच सुमारास विद्यापीठाने आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. विषय होता 'ऑनलाइन उच्च शिक्षणात संस्कृतिसुसंगत अध्यापन'. नाव ऐकून मी उशी जवळ घेतली होती, पण प्रशिक्षिका बाई चांगलं बोलल्या. त्या म्हणाल्या, पडद्यापलीकडचा विद्यार्थी कुठल्या घरातून, कुठल्या कामातून, कुठल्या बोलीतून आलाय ते जाणून घ्या. त्याच्या जगातून त्याला विषयाकडे न्या. त्याच्या उत्तराचा मान राखा. त्याच्याकडून मोठी अपेक्षा ठेवा. यातलं शेवटचं वाक्य त्या म्हणाल्या तेव्हा दारावर कुरियरवाला आला होता, आणि मी उठलो होतो. माझं प्रमाणपत्र मात्र पूर्ण आलं.

नवा पोहणारा जसा दिसेल त्या पाण्यात उडी मारतो, तसा मी त्या प्रशिक्षणानंतर वर्गात उतरलो. बेकरीदादांना सांगितलं, विश्व म्हणजे फुगत जाणारा पाव आणि दीर्घिका म्हणजे त्यातले मनुके. त्यांनी मान हलवली. मग शनीची कडी म्हणजे पावाची कड, धूमकेतू म्हणजे सांडलेलं पीठ, कृष्णविवर म्हणजे भट्टी. तिसऱ्या आठवड्यात बेकरीदादांनी कॅमेरा बंद केला. मी समजलो, नेटवर्क.

लाँड्रीताईंच्या बाबतीत तर मी सुटलोच. ताऱ्याचं तापमान आलं की मी इस्त्रीकडे वळायचो. ग्रहाचं फिरणं म्हणजे धुलाईयंत्राचा पिंप. वायूचे ढग म्हणजे वाफ. एकदा सूर्यावरचे डाग शिकवताना मी कौतुकाने थांबलो आणि म्हणालो, "डाग म्हटलं की आपल्या ताईंनाच विचारायला हवं. काय ताई, या डागाचं काय कराल?"

"सूर्य धुवायला टाकत नाहीत, सर," त्या म्हणाल्या.

वर्ग हसला. मीही हसलो. सहभाग वाढला, असं मी माझ्या अहवालात लिहिलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण प्रशिक्षणानंतर काही आठवड्यांनी आम्हाला पुन्हा जमून आपापला एक अनुभव सगळ्यांसमोर मांडायचा होता. मी लाँड्रीताईंवर बोललो. नाव घेतलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. "तळघरातल्या वाफेत, जिथे उन्हाचा कवडसाही पोचत नाही," मी म्हणालो, "एक स्त्री चादरी धुते, आणि म्हणूनच तिला आकाशाची ओढ लागते." तळघर कुठून आलं ते विचारू नका. वाक्याला हवं होतं, आलं. प्रशिक्षिका बाईंनी चष्मा पुसला. विद्यापीठाने ते भाषण आपल्या संकेतस्थळावर टाकलं आणि मी ते बायकोला तीनदा दाखवलं.

मग चंद्राच्या कलांचा धडा आला. मी विचारलं, चंद्र कधी कोर, कधी अर्धा, कधी पूर्ण का दिसतो? नेहमीप्रमाणे बँककाका आधी बोलले. "सर, ढगांमुळे."

"चूक," मी म्हणालो. बँककाकांना मी बिनधास्त चूक म्हणायचो. ते शिकलेले, पेन्शनवाले, त्यांना काय होतंय! ते लगेच वाद घालायचे, मी समजावायचो, पुढच्या वेळी त्यांना ते बरोबर यायचं.

"सर, दुसरं एक," ते म्हणाले. "तुमच्या मागे तो चंद्र लावलाय ना, तो—"

"काका, चित्राचं नंतर. ताई, तुम्ही सांगा."

"पृथ्वीची सावली पडते त्याच्यावर," ताई म्हणाल्या. "जेवढी सावली पडेल तेवढा झाकला जातो."

हे उत्तर चुकीचं आहे. अगदी नेहमीची चूक आहे, जगभर लोक करतात. चंद्राचा अर्धा भाग सूर्याच्या उजेडात कायमच असतो. फिरता फिरता त्या उजळ भागाचा कधी थोडा, कधी सगळा तुकडा आपल्याला दिसतो, एवढंच. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती ग्रहणात. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मला त्या चादरींची भिंत दिसली, प्रशिक्षिका बाई आठवल्या, आणि उत्तराचा मान राखण्यासाठी मी दोन्ही हात वर करून म्हणालो, "वा! वा, ताई! किती सहज, अनुभवातून आलेलं निरीक्षण!"

हळूच त्यांना बरोबर उत्तराकडे न्यायचं, असा माझा बेत होता. तेवढ्यात बेकरीदादांचं नेटवर्क आलं, त्यांनी उल्कांचं काहीतरी विचारलं, आणि तास संपला. माझा बेत मनातच राहिला आणि माझा 'वा' ताईंकडे राहिला.

लेखी परीक्षा संगणक तपासतो. त्याला कोणी प्रशिक्षण दिलेलं नाही. चंद्राच्या कलांवर एक मोठा प्रश्न होता, ताईंनी सावलीचं उत्तर व्यवस्थित आकृती काढून दिलं, आणि त्याने शून्य टाकलं. आणखी दोन ठिकाणी मी असाच 'वा' पेरून ठेवला होता, तिथेही शून्य. ताई पासाच्या रेषेखाली गेल्या. तोंडी परीक्षा बाकी होती, ती उत्तम झाली तरच त्या वर येणार होत्या. आणि पुढच्या तासाला ताईंचा चौकोन उमटलाच नाही.

मी फोन लावला. पलीकडे यंत्रांचा गडगडाट होता.

"ताई, आज दिसला नाहीत."

"आले नाही. आता येणारही नाही, सर. सोडला विषय."

"अहो, असं कसं? तोंडी बाकी आहे. शिवाय तुमची मुदत—"

"माझी मुदत माहितेय मला." मग म्हणाल्या, "चंद्राचा प्रश्न चुकला माझा."

"हो, तो बऱ्याच जणांचा—"

"बऱ्याच जणांचं सोडा. मी वर्गात तेच उत्तर दिलं होतं. तुम्ही वा म्हणालात. एकदा नाही, दोनदा."

"ताई, ते वा उत्तराला नव्हतं. ते तुमच्या सहभागाला होतं."

"मग पेपरात मी सहभाग लिहायचा होता का?"

मी खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे बघत बसलो.

"बँकेतल्या काकांना तुम्ही तोंडावर चूक म्हणता," ताई म्हणाल्या. "मला सबंध सत्रात एकदाही नाही म्हणालात. एवढी हुशार आहे का मी?"

"तसं नाही. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं असतं की! वाईट वाटलं असतं आणि पाठ झालं असतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला मदत करायची होती, आणि मी मदत करायला लागलो की समोरच्याने सावध झालेलं बरं. "मी ऑफिसात बोलतो," मी म्हणालो. "तुमची परिस्थिती लक्षात घेऊन थोडे गुण—"

"माझी परिस्थिती?" त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला म्हटलं, मला त्या इस्पितळापाशी सोड. ती म्हणाली, माझा शिकाऊ गाडी चालवणार आहे, चालत असेल तर मागे बस. शिकाऊ म्हणजे एक दातांचे डॉक्टर होते, पन्नाशीचे, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसलेले. मी मागून सगळी हकिकत सांगितली. मध्ये मध्ये बायको "चूक, गियर" आणि "चूक, उजवीकडे बघा" म्हणत होती, त्यामुळे ती मलाच म्हणतेय असं वाटत होतं.

"पण तू एवढं चूक-चूक करतेस," मी शेवटी म्हटलं, "यांना वाईट नाही वाटत?"

"वाटतं हो," डॉक्टरच म्हणाले, समोरची नजर न हलवता. "घरी जाऊन चिडचिड करतो मी. पण त्या बोलतायत म्हणजे मला येईल असं त्यांना वाटतंय, नाही का?"

"ब्रेक," बायको म्हणाली. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. मग ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "ज्याला येणारच नाही असं वाटतं, त्याला मी काही बोलत नाही. छान म्हणते आणि सोडून देते. तुला नाही का म्हणाले?"

इतक्या वर्षांनी मला कळलं की माझी शिकवणी का थांबली होती. डॉक्टर इतके सभ्य, की त्यांनी आरशात पाहिलंसुद्धा नाही. पुढचा सबंध रस्ता मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या 'छान'ची मला भयंकर चीड आली होती, आणि ताईंना माझ्या प्रत्येक 'वा'ची किती आली असेल ते तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

इस्पितळात शिरल्यावर मी सरळ तळघराचा जिना उतरलो. तिथे गाड्या लावल्या होत्या. पहारेकरी म्हणाला, लाँड्री तिसऱ्या मजल्यावर. वर गेलो तर एक लांबरुंद हॉल, एका बाजूला भिंतभर खिडक्या, आणि खिडक्यांतून एवढं आकाश, की माझ्या टाकीशेजारच्या आकाशाची मला लाज वाटली. मधोमध चादरी सरळ करणारं रोलरचं यंत्र. एका बाजूने ओली चादर आत घालत होत्या ताई, दुसऱ्या बाजूने कडक होऊन आलेली चादर ओढून घेत होती एक गोल चेहऱ्याची बाई.

"वहिनी, पाहुणे," ती बाई म्हणाली. मग मला नीट न्याहाळून, "अगं बाई, हे वा सर ना?"

म्हणजे मी लोकांना धंद्यावरून ओळखत होतो आणि लोक मला माझ्या कर्तबगारीवरून.

"तळघर कुठून आणलंत?" नणंदबाईंनी लगेच विचारलं. "वहिनीने मला तुमचं भाषण दाखवलं. कवडसाही पोचत नाही म्हणे! अहो, उन्हाने आमच्या पापण्या भाजतात इथे."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

ताईंनी यंत्र थांबवलं. हात पुसत त्या खिडकीपाशी आल्या. इतके दिवस मी त्यांना खांद्यापर्यंतच पाहिलं होतं. त्या माझ्यापेक्षा उंच होत्या, आणि चादरी उचलून उचलून दंड असे भक्कम झाले होते, की मला थोडं मागे सरकावंसं वाटलं.

"आकाशाची ओढ वगैरे काही नव्हती," त्या म्हणाल्या. "माझी ड्यूटी साडेचारला सुटते. पर्यावरणाचा तास तीनला होता, तुमचा पाचला. म्हणून घेतला."

"बरं," मी म्हणालो. माझ्या भाषणाचं उरलंसुरलं तेही गेलं.

"पण मग आवडायला लागलं ना," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "आवडलं म्हणून तर राग आला. दिवसभर मी चादरी बघते, सर. पाच वाजता मला शनी बघायचा असतो. तुम्ही शनीतसुद्धा चादर काढता. माझं मला रोज मिळतंच की. तुमच्याकडे मी दुसरं काहीतरी घ्यायला येते."

"तोंडीला या," एवढंच म्हणालो. "माझ्यासाठी नाही. पदवी तुमची आहे."

ताई माझ्याकडे वळल्या. "बाकीच्यांना विचाराल तेच मला विचारायचं."

"तेच विचारीन."

"आणि चुकलं तर चूक म्हणायचं."

"म्हणेन."

"जमेल?" नणंदबाईंनी विचारलं, आणि खरं सांगतो, मलाही शंका होती.

तोंडी परीक्षेला माझ्याबरोबर दुसऱ्या विद्यापीठाच्या एक परीक्षक बाई होत्या. चेहरा असा, की बँककाकासुद्धा त्यांच्यापुढे तीन वाक्यांत आटोपले. मग ताईंचा चौकोन उमटला. मागे चादरींची भिंत, कडेला नणंदबाईंचा अर्धा कान.

परीक्षक बाईंनी चंद्राच्या कलांचंच विचारलं. ताईंनी शांतपणे सगळं बरोबर सांगितलं, कुठे उजेड, कुठून आपण बघतो, कोर कशी होते. सावलीचं नावही काढलं नाही. परीक्षक बाईंनी मला खूण केली, आता तुम्ही विचारा.

माझ्या जिभेवर काय आलं होतं सांगू? "ताई, वाफेचं पाणी होतं तेव्हा." सवय जात नाही. ताईंनी माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं. मी ते वाक्य गिळलं आणि बँककाकांना विचारला होता तोच प्रश्न विचारला. "पौर्णिमेला पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मध्ये असते. मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?"

ताईंनी विचार केला. "चंद्र कधी जवळ असतो, कधी लांब. लांब असला की पृथ्वीची सावली तिथपर्यंत पोचत नाही."

किती सुंदर वाटलं असेल ते उत्तर एखाद्याला! चंद्र जवळ-लांब होतो हे खरंच आहे. मलाही ते इतकं आवडलं, की माझे हात आपोआप वर जायला लागले. ही त्यांची शेवटची संधी होती. मी चूक म्हटलं आणि त्या तिथेच कोसळल्या तर? त्यांचा चौकोन काळा झाला तर? इतकी वर्षं माझ्या एका शब्दावर टांगली आहेत असं मला वाटलं आणि मी घाबरलो. हात मी मांडीखाली दाबून धरले.

"चूक," मी म्हणालो.

परीक्षक बाईंनी मान वर केली. कडेचा अर्धा कान नाहीसा झाला. ताईंचा चेहरा लाल झाला. त्यांना वाईट वाटलं होतं, स्पष्ट दिसत होतं.

"सावली चंद्राच्या पुष्कळ पलीकडेपर्यंत जाते," मी म्हणालो. "कारण दुसरं आहे. ते—"

"थांबा," ताई म्हणाल्या. "सांगू नका."

त्यांनी डाव्या हाताची मूठ केली. उजव्या हाताचं बोट मुठीभोवती फिरवलं. एकदा, परत एकदा. मग बोट थांबलं. मनगट जरासं वाकडं केलं आणि पुन्हा फिरवलं, तेव्हा बोट एका बाजूला मुठीच्या वरून गेलं आणि दुसऱ्या बाजूला खालून.

"तिरकी आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने, "चंद्राची वाट तिरकी आहे! सावली सरळ जाते, आणि हा कधी तिच्या वरून निघून जातो, कधी खालून. नेमका सावलीत आला तरच ग्रहण."

"बरोबर," मी म्हणालो. माझा आवाज जरा फाटला, पण शब्द एकच वापरला.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "मला आणखी काही विचारायचं नाही. पास आहेत या. चांगल्या पास आहेत."

पलीकडे नणंदबाईंनी काहीतरी खाली पाडलं. ताईंनी तोंडावर हात धरला, डोळे पुसले, आणि हसल्या. माझ्याकडे बघून त्या अशा पहिल्यांदाच हसल्या होत्या. मलाही भरून आलं. आता त्या आभार मानतील म्हणून मी मान जरा डावीकडे केली, म्हणजे चंद्र डोक्यामागे आला.

"सर, एक सांगू?" ताई म्हणाल्या. "तुमच्या मागचा चंद्र उलटा आहे."

"काय?"

"तो पांढरा ठिपका, ज्याच्यातून रेघा निघतात ना, तो खाली असतो. पुस्तकातही खाली आहे, आमच्या खिडकीतून पूर्ण चंद्र वर आला की तिथेही खालीच. तुमच्याकडे वर आहे. पहिल्या दिवसापासून."

मी मागे वळून बघितलं. पट्टी कापल्यावर वर-खाली कुठलं ते मी अंदाजाने ठरवलं होतं. "पहिल्या दिवसापासून? मग कोणी बोललं कसं नाही?"

"काका बोलणार होते, तुम्ही थांबवलंत. मग आम्ही ग्रुपवर ठरवलं, सरांना सांगायचं नाही." त्या क्षणभर घुटमळल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

वाईट वाटलं. कानापर्यंत वाटलं. सबंध सत्रभर चौदा जण माझ्या डोक्यामागचा उलटा चंद्र बघत होते आणि माझी दया करत होते. बेकरीदादासुद्धा.

परीक्षक बाई खाली मान घालून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. मी उठलो. स्टुलावर चढलो, तेव्हा छातीखालचा न इस्त्री केलेला शर्ट आणि त्याखालची घरातली पट्ट्यापट्ट्यांची विजार दोन विद्यापीठांनी पाहिली. चित्राच्या चिकटपट्ट्या सोडवल्या, चित्र फिरवून पुन्हा दाराला लावलं आणि वळून विचारलं, "आता?"

ताईंनी मान तिरकी करून नीट निरखलं. चित्र मी पुरतं उलटं न करता आडवंच फिरवलं होतं, ठिपका आता बाजूला आला होता.

"चूक," त्या म्हणाल्या.